गेम उघडून पाहणारं पोर गुन्हेगार नसतं

आज नगरपालिका नाही, पाणी नाही, बायपासचे खड्डेही नाहीत. आज गेमबद्दल लिहितोय. विषय पोरासोरांचा वाटेल, पण घरात आठवीपासून इंजिनिअरिंगपर्यंत कुणी शिकत असेल तर शेवटपर्यंत वाचा. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो.

निमित्त असं घडलं. आपल्या भागातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लॅबमध्ये 'चीट इंजिन' नावाचं सॉफ्टवेअर वापरताना पकडलं. कॉलेजचं नाव घेत नाही, पोराचं शिक्षण चालू आहे. गेम एकट्याने खेळायचा, स्वतःच्या पेन ड्राइव्हवर आणलेला, इंटरनेटशी संबंध नाही. गेममधली २५० नाणी ९९,९९९ करून तो शेजारच्या मित्राला दाखवत होता. तेवढ्यात अँटिव्हायरसने स्क्रीनवर लाल सूचना दिली आणि सगळा गोंधळ सुरू झाला. पेन ड्राइव्ह जप्त, पालकांना फोन, 'हॅकिंग करतो' असा लेखी शेरा आणि वर 'सायबर पोलिसांत देऊ' अशी तंबी. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हॅकर सापडला' म्हणून बातमी फिरत होती. बाप एसटीत कंडक्टर. तो दुसऱ्या दिवशी ड्युटी सोडून हात जोडून ऑफिसबाहेर उभा.

लॅबच्या मशीनवर परवानगी न घेता बाहेरचं सॉफ्टवेअर चालवलं, ही चूक आहे. त्याची जी काही शिक्षा नियमात असेल ती द्या, आठ दिवस लॅब बंद करा. पण त्याने जे केलं त्याला हॅकिंग म्हणणं हे अज्ञान आहे. आणि हे अज्ञान फक्त त्या कॉलेजपुरतं नाही.

आता मुळात हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा, कॉम्प्युटरचा नाही. त्यामुळे मला समजेल अशा भाषेत मी ते जाणकारांकडून समजावून घेतलं, तसंच तुम्हाला सांगतो.

कुठलाही गेम चालू झाला की त्याचा हिशोब कॉम्प्युटरच्या मेमरीत मांडलेला असतो. नाणी किती, जीव किती, गोळ्या किती. चीट इंजिन ही मेमरी वाचतं. तुमच्याकडे २५० नाणी आहेत, तर त्याला सांगायचं, २५० हा आकडा कुठे कुठे आहे ते शोध. हजारो जागा सापडतात. मग गेममध्ये १० नाणी खर्च करायची आणि विचारायचं, त्या जागांपैकी आता २४० कुठे झालं? थोड्याच जागा उरतात. असं दोन-चार वेळा केलं की शेवटी एकच जागा हाती लागते. तिथला आकडा बदलला की गेममधली नाणी बदलली. म्हटलं तर सोपं, पण यात निरीक्षण आहे, तर्क आहे, चिकाटी आहे. प्रयोगवहीत आपण जे शिकवतो तेच.

त्या पोराने मात्र याच्या पुढची पायरी गाठली होती, आणि ती जास्त महत्त्वाची आहे.

जगातले असंख्य गेम 'युनिटी' नावाच्या इंजिनवर बनतात. त्यात गेमचं डोकं सी-शार्प या भाषेत लिहिलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या सी-प्लस-प्लस गेममध्ये लिहिलेला कोड थेट मशीनच्या भाषेत उतरतो आणि प्रोग्रॅमरने दिलेली नावं वाटेत गळून पडतात. उरतात ते नुसते आकडे. मोजणी न झालेलं रान असावं तसं. कुठला बांध कुणाचा, काही पत्ता नाही.

सी-शार्पचं तसं नसतं. त्याचा कोड आधी एका मधल्या भाषेत उतरतो आणि गेम चालू असताना 'रनटाइम' नावाचा एक कारभारी तो लागेल तसा मशीनच्या भाषेत बदलून चालवतो. युनिटीच्या बऱ्याच गेममध्ये हा कारभारी म्हणजे 'मोनो'. मोनोला स्वतःचं काम करायलाच सगळ्या नोंदी लागतात. 'प्लेयर' नावाचा वर्ग आहे, त्यात 'हेल्थ' आहे, 'कॉइन्स' आहे, कुठली गोष्ट कितव्या जागेवर आहे, कोणतं फंक्शन काय घेतं आणि काय परत देतं. आपल्याकडे तलाठ्याच्या दप्तरात गट नंबर, नाव, क्षेत्र सगळं असतं ना, अगदी तसं.

चीट इंजिनमध्ये मोनोसाठी खास सोय आहे. ती चालू केली की एक छोटी फाइल गेमच्या आत जाऊन बसते आणि मोनोच्याच फंक्शनना विचारते, बाबा रे, तुझ्या दप्तरात काय काय आहे? मोनो सगळा सातबारा काढून समोर ठेवतो. गेम दर वेळी नव्याने सुरू झाला की मेमरीतला पत्ता बदलतो, पण वर्गाच्या आतली मांडणी तीच राहते. घर बदललं तरी उंबऱ्यापासून तिसरी खोली स्वयंपाकघर, हे कायम. म्हणून एकदा मांडणी कळली की प्रत्येक वेळी आकडा शोधत बसावं लागत नाही.

अँटिव्हायरस ओरडतं ते यामुळेच. दुसऱ्या प्रोग्रॅमची मेमरी वाचणं, त्यात आपली फाइल घुसवणं, हे व्हायरसही करतात. चाकू स्वयंपाकघरातही असतो आणि पोलिसांच्या पंचनाम्यातही. लाल सूचना आली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नसतं. चौकशी करायची असते, आणि इथे नेमकी तीच कुणी केली नाही.

गेम कंपन्यांनाही हे सगळं माहीत आहे. युनिटीने पुढे 'आयएल-टू-सीपीपी' नावाची पद्धत आणली. त्यात मधल्या भाषेतला कोड आधी सी-प्लस-प्लसमध्ये आणि मग मशीनच्या भाषेत जातो. मोनो जातो, पण नावांच्या नोंदी एका वेगळ्या फाइलमध्ये राहतातच, कारण गेमला त्या लागतात. काही कंपन्या ती फाइल कुलूपबंद करतात. कुलूप आणि किल्लीचा हा खेळ चालूच आहे. त्यातूनच सायबर सुरक्षेची माणसं तयार होतात, हे कुणी मुलांना सांगत नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण धमकी पोलिसांची दिली गेली.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये कशाला कॉपीराइटचा भंग म्हणायचं नाही याची यादी आहे. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमबद्दल स्पष्ट म्हटलंय की प्रोग्रॅम ज्या कामासाठी दिला ते काम करताना, त्यामागची कल्पना आणि तत्त्वं समजून घेण्यासाठी त्याचं निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करता येते. म्हणजे 'उघडून बघितलंस कसं?' या प्रश्नाला आपल्या संसदेने केव्हाच उत्तर देऊन ठेवलंय. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं. संरक्षणाचं कुलूप तोडणं त्यात गुन्हा ठरवलंय, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण तिथेही कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू असावा लागतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ काय म्हणतं? मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं, डेटा उचलणं, बिघाड करणं. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं की कलम ६६ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे 'दुसऱ्याच्या' हा शब्द महत्त्वाचा. कंपनीचा सर्व्हर दुसऱ्याचा. लॅबचं मशीन कॉलेजचं, म्हणून नियम मोडला हे मी वरच मान्य केलं. पण घरच्या कॉम्प्युटरवर, विकत घेतलेल्या गेममधला आकडा बदलला तर त्यात कुणाचं घर फोडलं?

कंपन्यांच्या अटींमध्ये 'उलगडून पाहू नये' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, हेही खरं. ती अट मोडली तर कंपनी तुमचं खातं बंद करू शकते. पण करार मोडणं वेगळं आणि गुन्हा करणं वेगळं. वकिलांना विचारा, तेही हेच सांगतील.

हा वाद आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत निन्टेन्डो कंपनीने 'गेम जिनी' नावाच्या उपकरणाविरुद्ध कोर्टबाजी केली. ते उपकरण गेममधले आकडे तात्पुरते बदलायचं, जीव वाढवायचं. १९९२ मध्ये निन्टेन्डो हरली. युरोपात सोनीने 'डेटेल' कंपनीविरुद्ध जर्मनीत दावा लावला, तो दहा वर्षांहून जास्त चालला. प्लेस्टेशन पोर्टेबलवर 'मोटरस्टॉर्म: आर्क्टिक एज' नावाचा शर्यतीचा गेम होता. त्यात 'टर्बो' ठरावीक मर्यादेत वापरता यायचा. डेटेलचं सॉफ्टवेअर मेमरीतला आकडा बदलून ती मर्यादा काढून टाकायचं. १७ ऑक्टोबर २०२४ ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने सांगितलं की, प्रोग्रॅमचा कोड कॉपीराइटखाली येतो, पण गेम चालताना मेमरीत जे बदलते आकडे ठेवले जातात त्यांना हे संरक्षण नाही, जोवर त्यांच्यावरून मूळ प्रोग्रॅमची नक्कल बनवता येत नाही. तो निकाल आपल्या कोर्टाला बांधील नाही. पण सोनीसारख्या कंपनीला जिथे नकार मिळाला, तिथे आपण एका पोराला हॅकर ठरवून मोकळे होतो.

आता दुसरी बाजू. ती नाकारून चालणार नाही.

ऑनलाइन सामन्यात, समोर दुसरी जिवंत माणसं खेळत असताना, याच तंत्राने भिंतीपलीकडचं पाहणं किंवा नेम आपोआप लावणं ही सरळसरळ लबाडी आहे. २०१८ मध्ये शांघायच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत 'ऑप्टिक इंडिया' या भारतीय संघाचा खेळाडू भर सामन्यात नेम लावून देणारं सॉफ्टवेअर वापरताना पकडला गेला. फाइलचं नाव काय ठेवलं होतं? 'वर्ड डॉट ईएक्सई'. संघ स्पर्धेबाहेर गेला, कंपनीने संघच मोडला. बाकीच्या चार पोरांचा काय दोष होता? वर्षानुवर्षांची मेहनत गेली आणि भारतीय खेळाडूंकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं ते वेगळंच. अशा माणसाची बाजू मी घेणार नाही.

तसंच टेलिग्रामवर 'हेडशॉट पॅनल', 'मॉड एपीके', 'अनलिमिटेड डायमंड' विकणारे. हे अभ्यासक नव्हेत, दुकानदार आहेत. आपली मुलं दोनशे-तीनशे रुपये भरून असल्या फाइल फोनमध्ये टाकतात, आणि त्याच फोनमध्ये आईचं यूपीआय असतं. फाइलच्या आत काय आहे कुणी पाहिलंय? गंमत अशी की, ते पाहू शकेल असं कुणी असेल तर ते त्या लॅबमधल्या पोरासारखंच कुणीतरी.

म्हणजे तंत्र एकच, पण कामं दोन. उघडून पाहणं हे एक आणि दुसऱ्याला फसवणं हे दुसरं. आपण दोन्हीला एकच नाव दिलंय, आणि त्या सॉफ्टवेअरच्या नावातच 'चीट' असल्यामुळे आपलं काम आणखी सोपं झालंय.

उघडून पाहण्याने भलं झाल्याची उदाहरणं द्यायची तर भरपूर आहेत. तीन देतो.

एक. 'जीटीए ऑनलाइन' हा गेम सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची, आणि जगभरची मुलं २०१३ पासून ते सहन करत होती. २०२१ मध्ये एका हौशी प्रोग्रॅमरने चालू गेमची मेमरी काढून घेतली आणि वेळ कुठे जातो ते शोधलं. हा गेम सी-शार्पमधला नव्हता, त्यामुळे नावंगावं न मिळता, नुसत्या आकड्यांच्या रानातून त्याला वाट काढावी लागली. सापडलं काय? सुमारे १० एमबीची एक यादी गेम अतिशय वेडगळ पद्धतीने वाचत होता. प्रत्येक नोंदीसाठी उरलेली यादी पुन्हा पुन्हा मोजायची. त्याने स्वतःच दुरुस्ती करून दाखवली, सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. रॉकस्टार कंपनीने ते मान्य केलं, गेम दुरुस्त केला आणि त्याला १०,००० डॉलर बक्षीस दिलं. आपल्याकडे असता तर पेन ड्राइव्ह जप्त झाला असता.

दोन. 'हार्थस्टोन' हा पत्त्यांचा प्रसिद्ध गेम युनिटीवरच बनलेला आहे. तो अंध माणसाला खेळता येत नव्हता, कारण स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातलं काही कळायचं नाही. बाहेरच्या हौशी लोकांनी गेमच्या आतला कोड समजून घेतला, कुठल्या वर्गात कुठलं पान आहे ते हुडकलं आणि ते बोलून दाखवणारी जोड तयार केली. 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेमलाही अशीच जोड आहे. तोही सी-शार्पमध्येच लिहिलेला. त्याचा निर्माता तर अशा लोकांना अडवण्याऐवजी मदत करतो, २०२४ च्या १.६ आवृत्तीत त्याने मॉड बनवणाऱ्यांसाठी मुद्दाम सोयी केल्या. ज्याला दिसत नाही तोही आज त्या गेममध्ये शेत नांगरतो, पेरणी करतो.

तीन. हे गेमच्या बाहेरचं, पण विद्या तीच. पोलंडमध्ये काही रेल्वेगाड्या दुरुस्तीनंतर सुरूच होईनात. दुरुस्ती करणारं वर्कशॉप बनवणाऱ्या कंपनीचं नव्हतं, दुसऱ्याचं होतं. त्यांनी काही तज्ज्ञांना बोलावलं. या तज्ज्ञांनी गाडीच्या कॉम्प्युटरमधला कोड काढून वाचला आणि डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर सांगितलं की, गाडी स्पर्धक वर्कशॉपच्या जागेवर काही दिवस उभी राहिली की बंद पडावी अशा अटी आत लिहिलेल्या आहेत, जीपीएसच्या आकड्यांसकट. कंपनीने आरोप नाकारले, प्रकरण कोर्टात गेलं. पण कुणाला आत पाहता आलंच नसतं तर हा प्रश्न विचारलाही गेला नसता.

माझ्या दृष्टीने खरा मुद्दा हा आहे. उद्या तुमच्या घराचा वीजमीटर सॉफ्टवेअरवर चालणार, रेशनचं मशीन चालतंच आहे, ट्रॅक्टर, गाडी, दवाखान्यातलं मशीन, सगळ्याच्या आत कोड. तो कोड तपासू शकणारी माणसं आपल्या तालुक्यात असणार की नाही? की 'मशीन म्हणतं ते खरं' म्हणून आपण अंगठा लावत राहणार? आत पाहायची सवय एकदम चाळिशीत लागत नाही. ती सोळाव्या-सतराव्या वर्षी, एखाद्या गेमची नाणी वाढवतानाच लागते.

सरकारची भाषणं काय आहेत ते पाहा. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी, आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता व प्रोत्साहन. राज्य सरकारनेही त्याच वर्षी ॲनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी धोरण मंजूर केलं. चांगलंच आहे. पण गेम बनवणारी माणसं कुठून येणार? गेम कसा मोडतो हे ज्याला कळलं नाही त्याला न मोडणारा गेम बनवता येणार नाही. एक साधं उदाहरण घ्या. नाण्यांचा हिशोब खेळणाऱ्याच्या फोनमध्ये ठेवायचा की कंपनीच्या सर्व्हरवर? ज्याने स्वतः आकडा बदलून पाहिलाय त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही. नीट बांधलेल्या ऑनलाइन गेममध्ये तुम्ही आकडा ९९,९९९ केलात तर तो फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसतो, सर्व्हरशी गाठ पडली की पुन्हा २५०. गल्ल्याची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नसते, हा धडा बँकेच्या ॲपलाही लागू आहे.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात.

कॉलेजांनी लॅबमध्ये एक-दोन मशीन नेटवर्कपासून तोडून, खास याच कामासाठी ठेवावीत. एखादा मोफत परवान्याचा किंवा विद्यार्थ्यांनीच बनवलेला छोटा युनिटी गेम द्यावा आणि सांगावं, उघडा, शोधा, वहीत लिहा. चीट इंजिनमध्ये सरावासाठी स्वतःचा धडा दिलेलाच असतो, दुसऱ्या कुणाच्या गेमला हात लावायचीही गरज नाही. आणि पहिल्याच तासाला सीमारेषा शिकवावी: आपलं मशीन, आपला गेम, एकट्याचा खेळ, तोवर अभ्यास. दुसऱ्याचा सर्व्हर, दुसऱ्याचा सामना, कुणाचे पैसे आले की थांबायचं. चूक सापडली तर विकायची नाही, कंपनीला कळवायची.

शिक्षकांनी 'हॅकिंग' हा शब्द लेखी शेऱ्यात लिहिण्याआधी कलम वाचावं. त्या एका शब्दाने पोराची नोकरी जाऊ शकते.

पालकांनी तीनच प्रश्न विचारावेत. हा गेम तू एकटा खेळतोस की लोकांसोबत? हे तू स्वतः शोधलंस की कुठून डाउनलोड केलंस? यात कुठे पैशाचा व्यवहार आहे का? एकटा, स्वतः शोधलं, पैसे नाहीत, अशी उत्तरं आली तर शेजारी बसा आणि 'मला दाखव' म्हणा. तिन्ही उत्तरं उलटी आली तर मात्र फोन हातात घ्या. आणि हो, असली सॉफ्टवेअर कुठल्याही लिंकवरून उतरवायची नाहीत. इन्स्टॉल करताना सोबत भलतंच काही गळ्यात पडत नाही ना, हेही बघायचं.

आणि ग्रुपवर 'हॅकर सापडला' म्हणून मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना एकच विनंती. ज्यांनी तो मेसेज पाठवला त्यांनीच आता त्याच ग्रुपवर हेही टाका की कुणाचा एक रुपया गेला नाही, कुणाचं खातं उघडलं नाही. पोरगं याच गावात राहतं, त्याला उद्याही याच रस्त्याने कॉलेजला जायचंय.

कॉलेजने तो लेखी शेरा मागे घ्यावा, ही माझी जाहीर मागणी आहे. संस्थेच्या लोकांशी बोलतोय, काय होतं ते इथेच कळवीन. ज्यांना माझं म्हणणं पटत नाही त्यांनी कमेंटमध्ये जरूर लिहा. विशेषतः कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सरांनी आणि मॅडमनी लिहा, तुमचा अनुभव माझ्यापेक्षा जास्त आहे. फक्त त्या पोराचं किंवा कॉलेजचं नाव कमेंटमध्ये घेऊ नका, घेतलं तर डिलीट करीन.